लेंकरूं कोणाचें?

गेल्या वर्षीं दहावीच्या वर्गांत ॲन फ्रँकच्या दैनंदिनीविषयीं बोलणें चाललें होतें. ॲमस्टरडॅममधील तें घर, पुस्तकांच्या कपाटाआड दडविलेला तो दरवाजा, दोन वर्षांची ती कोंडी, आणि शेवटीं बर्गेन-बेल्सेनच्या छावणींतील मृत्यु, हें सर्व सांगून झालें. तास संपावयास पांच मिनिटें उरलीं होतीं. इतक्यांत मागच्या बांकावरील एक मुलगा, जो सहसा कांहीं विचारीत नाहीं, उभा राहिला व म्हणाला, "सर, जीं मुलें सांपडलीं नाहींत, त्यांना मग घरीं कोणीं नेलें?"

मी "उद्यां सांगतों" म्हणालों, आणि तो उद्यां फार लांबला. उत्तर जसजसें शोधूं लागलों तसतसें ध्यानांत येऊं लागलें कीं, लपलेल्या मुलाचें दुःख लपण्यांत जेवढें होतें तेवढेंच बाहेर निघण्यांतही होतें. शिवाय त्या उत्तरांत आम्हां ख्रिस्ती लोकांना, विशेषतः आम्हां शाळा व अनाथालयें चालविणाऱ्यांना, मान खालीं घालावयास लावणारें कांहीं आहे. मान वर करावयास लावणारेंही आहे. वार्षिकाच्या संपादकांनीं लेख मागितला तेव्हां वाटलें, त्या मुलाचें देणें येथेंच फेडावें.

हिटलरच्या राज्यांत व त्यानें जिंकलेल्या देशांत सुमारें ६० लक्ष यहुदी मारले गेले. त्यांतील मुलांची संख्या १५ लक्षांच्या घरांत जाते. एकट्या फ्रान्समधून सुमारें ७६,००० यहुदी पूर्वेकडील छावण्यांकडे रवाना करण्यांत आले आणि त्यांत ११,००० हून अधिक मुलें होतीं. जीं वांचलीं तीं बहुधा अशीं वांचलीं कीं, आईबापांनीं आपल्याच हातांनीं त्यांना दूर लोटलें. लिओं शहराजवळ व्हेनिस्यू येथें ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस यहुदी कुटुंबांना पकडून ठेविलें होतें. तेथें मदतीस गेलेल्या लोकांनीं रात्रींतून आईबापांच्या सह्या घेतल्या. मुलावरील आपला हक्क आम्ही सोडीत आहों, असा तो कागद. त्या एका रात्रीच्या सह्यांनीं १०८ मुलें छावणीबाहेर निघालीं. आईबाप मात्र पुढें ऑशविट्झकडे गेले. वाचकहो, आपल्या लेंकराचा हक्क सोडल्याचा कागद वाचून त्यावर सही करावयाची, आणि तीही लेंकरावरील प्रेमामुळें, ही कल्पना मला अद्याप पुरती पेलत नाहीं.

पुढें त्या मुलांचें काय होई? प्रथम नांव बदले. मग भाषा, मग प्रार्थना. घरीं शिकलेली प्रार्थना विसरावयाची आणि नवी अशी पाठ करावयाची कीं झोपेंतून उठवून विचारलें तरी अडखळतां कामा नये. कारण अडखळला तो पकडला गेला. चारपांच वर्षांच्या पोराला आपलें खरें नांव ही एक प्राणघातक वस्तु आहे असें शिकवावयाचें, आणि संकट टळल्यावर तेंच नांव पुन्हां प्रेमानें घे म्हणून सांगावयाचें! पुष्कळांना तें घेतां आलें नाहीं, हें नवल नव्हे.

आपण संडेस्कूलांत शिकलेली पहिली लपविलेल्या मुलाची गोष्ट मोशेची. लव्हाळ्याची पेटी, नदीचें पाणी, आणि मुलाला उचलून घेणारी राजकन्या ज्या राजानें मुलें मारण्याचा हुकूम काढला त्याचीच कन्या. पण त्या गोष्टींतील एक गोष्ट आपण घाईनें वाचून सोडतों. मोशेची बहीण दूर उभी राहून पाहत होती. तिच्यामुळें त्याची स्वतःची आईच त्याची दाई झाली, आणि मोठा झाल्यावर तो आपल्या भाऊबंदांकडे गेला तो त्यांना ओळखून गेला. युरोपांतील या मुलांच्या नदीकांठीं बहुतेक वेळां अशी बहीण उरलेलीच नव्हती.

साउल फ्रीडलेंडर हा पुढें या संहाराचा मोठा इतिहासकार म्हणून गाजला व २००८ सालीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. तो प्राग येथें १९३२ सालीं जन्मला तेव्हां त्याचें नांव पावेल होतें. १९३९ सालीं कुटुंब फ्रान्समध्यें पळालें, तेथें तो पॉल झाला. १९४२ सालीं आईबापांनीं त्याला एका कॅथलिक वसतिशाळेंत ठेविलें, बाप्तिस्मा होऊन तो पॉल-आंरी फेरलां झाला. एकदां तो शाळेंतून पळून आईबापांपाशीं गेला; त्यांनीं त्याला परत धाडलें. नंतर तीं दोघें स्वित्झर्लंडची सरहद्द ओलांडूं पाहत असतां पकडलीं गेलीं आणि मागें फिरविलीं गेलीं. त्या दिवसांत लहान मुलें बरोबर असलेल्या जोडप्यांना आंत घेत असत. मूल सुरक्षित रहावें म्हणून त्यांनीं तें मागें ठेविलें होतें, आणि तेंच जवळ नाहीं म्हणून तीं ऑशविट्झला गेलीं.

मुलगा मात्र मनापासून भाविक झाला होता. त्याला जेझुइट धर्मगुरु व्हावयाचें होतें. १९४६ सालीं एका जेझुइट गुरूनेंच त्याला समोर बसवून ऑशविट्झ म्हणजे काय तें सांगितलें, यहुद्यांच्या द्वेषाचा इतिहास सांगितला. त्या संभाषणानंतर मुलगा आपल्या मूळ नांवाकडे वळला, आणि १९४८ सालीं इस्राएलला गेला. त्या धर्मगुरूविषयीं मी पुष्कळ विचार केला आहे. गप्प राहिले असते तर त्यांच्या संघास एक बुद्धिमान तरुण मिळत होता. शिक्षकाच्या धंद्यांत असे प्रसंग आम्हांलाही येतात; विद्यार्थी आपल्याच मार्गानें चालला आहे याचें सुख मोठें असतें, आणि त्या सुखापायीं त्याला माहीत असावयास हवें तें सांगण्याचें आपण टाळतों.

आतां ज्या खटल्यानें सबंध फ्रान्स देश दुभंगला त्याकडे येतों. डॉक्टर फ्रिट्झ फिनाली व त्यांची पत्नी आनी हीं व्हिएन्नाचीं यहुदी. १९३८ सालीं ऑस्ट्रिया हिटलरच्या घशांत गेल्यावर तीं पळालीं व ग्रनोब्ल शहराजवळ येऊन राहिलीं. १९४१ सालीं त्यांना रॉबेर झाला, १९४२ सालीं जेराल्द. त्या काळीं फ्रान्समध्यें यहुदी म्हणून खूण अंगावर असणें म्हणजे मरण ओढवून घेणें. तरीही बापानें दोन्ही मुलांची सुंता करविली. बापाची इच्छा काय होती यास याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? फेब्रुवारी १९४४ मध्यें नवराबायको पकडलीं गेलीं, तीं परत आलीं नाहींत. मुलें त्यापूर्वींच एका शिशुगृहांत ठेविलेलीं होतीं. तेथून तीं एका मठांत गेलीं, आणि मठांत इतक्या लहान मुलांची सोय नसल्यामुळें ग्रनोब्लच्या नगरपालिकेच्या शिशुगृहाच्या प्रमुख आंत्वानेत ब्रून यांच्याकडे आलीं.

ब्रूनबाई अविवाहित होत्या. इतरही मुलें त्यांनीं सांभाळलीं होतीं. गेस्टापोच्या नाकाखालीं त्यांनीं या दोघांना वांचविलें. एवढ्यावर गोष्ट थांबती तर त्यांचें नांव आज लोक आदरानें घेते. पण १९४५ च्या आरंभींच न्यूझीलंडमधून मुलांच्या आत्याचें पत्र आलें. माझ्या भावाचीं मुलें माझ्याकडे पाठवा, अशी साधी मागणी. ब्रूनबाईंनीं टाळाटाळ केली, तात्पुरतें पालकत्व आपल्या नांवें करून घेतलें, आणि २८ मार्च १९४८ रोजीं, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशीं, दोघांना बाप्तिस्मा देवविला. आत्या जिवंत आहे, तिनें मुलें मागितलीं आहेत, हें ठाऊक असतां.

इस्राएलमध्यें असलेल्या दुसऱ्या आत्यानें खटला चालविला. वर्षांमागून वर्षें गेलीं. जानेवारी १९५३ मध्यें ग्रनोब्लच्या वरिष्ठ न्यायालयानें मुलें तिच्या हवालीं करा असा निकाल दिला, तों मुलें नाहींशीं झालेलीं! खोट्या नांवांनीं, एका धर्मशाळेंतून दुसरीकडे नेत, फेब्रुवारीच्या थंडींत त्यांना पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्यें पोंचविलें. धर्मभगिनी व धर्मगुरु तुरुंगांत गेले. नऊ वर्षांपूर्वीं नात्झींपासून लपविण्याकरितां जी युक्ति योजिली, तीच आतां सख्ख्या आत्यापासून लपविण्याकरितां योजिली गेली, मुलेंही तींच. हें वाचतांना मला शरम वाटली.

शरम अशासाठीं कीं, त्या लोकांना आपण पाप करीत आहों असें वाटत नव्हतें. बाप्तिस्मा झालेलें मूल मंडळीचें, तें अख्रिस्ती घरांत परत जाऊं देणें म्हणजे आत्म्याचा नाश, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. याच समजुतीनें १८५८ सालीं बोलोन्या शहरांत पोपच्या शिपायांनीं एदगार्दो मोर्तारा नांवाच्या सहा वर्षांच्या यहुदी मुलास आईबापांच्या घरांतून उचलून नेलें. घरच्या मोलकरणीनें आजारपणांत त्याला गुपचूप बाप्तिस्मा दिला होता. तो पुढें धर्मगुरु झाला व १९४० सालीं वारला. वास्तविक आईबापांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा देऊं नये, असें थोमा आक्विनास यांनीं तेराव्या शतकांतच लिहून ठेविलें होतें. पण लिहिलेलें आणि केलेलें यांत अंतर राहिलें. २०२० सालीं व्हॅटिकनचें त्या काळचें दप्तर संशोधकांस खुलें झालें, तेव्हां मुलें न देण्याच्या हट्टास रोमहूनही पाठबळ होतें हें कागदोपत्रीं दिसून आलें.

कोणी म्हणेल, आणि स्टाफरूममध्यें एका बाईंनीं मला म्हटलेंही, "अहो, पण ज्या बाईनें नऊ वर्षें जेवूंखाऊं घातलें, रात्रीं जागून ताप काढला, तिचें कांहींच नाहीं का? ज्या आत्याला पोरांनीं कधीं पाहिलें नाहीं तिच्या हातीं द्यावयाचीं?" हा आक्षेप हलका नव्हे. लपलेल्या मुलांपैकीं अनेकांनीं पुढें सांगितलें आहे कीं, पहिली ताटातूट आम्हांला आठवतही नाहीं. आमची आई म्हणजे जिनें लपविलें ती, आणि युद्ध संपल्यावर अनोळखी माणसें आम्हांला तिच्याकडून घेऊन गेलीं तेव्हां आमचें जग बुडालें. नेदर्लंड्समध्यें अशाच एका मुलीला कोर्टाचा हुकूम डावलून वर्षानुवर्षें दडवून ठेविलें होतें. १९६१ सालीं ती सज्ञान होऊन प्रकट झाली, आणि कॅथलिकच राहिली. तिला बोल लावणारा मी कोण?

परंतु या आक्षेपांत एक लबाडी दडली आहे, ती ओळखली पाहिजे. १९४५ सालीं फिनालीचीं मुलें चार व अडीच वर्षांचीं होतीं. त्याच वर्षीं आत्याच्या पत्रास होकार गेला असता. तिचीं पत्रें मुलांना वाचून दाखविलीं असतीं, आईबापांच्या तसबिरी दाखविल्या असत्या, ती येऊन महिनादोन महिने जवळ राहिली असती, तर ब्रूनबाई त्या मुलांना आजीसारख्या कायमच्या लाभल्या असत्या. तसें न करतां आठ वर्षें काढलीं, आणि मग म्हणावयाचें कीं आतां मुलें रुळलीं आहेत, आतां हलविणें क्रूरपणाचें! ज्यानें उशीर केला त्यानेंच उशिराचा दाखला पुढें करावा, हा कोणता न्याय? प्रेमाचा अधिकार मी मानतों. पण जें प्रेम मुलाला त्याच्या बापाचें नांव कळूं देण्यास भितें, त्यांत प्रेमाबरोबर मालकीची हांवही मिसळलेली असते. शलमोन राजापुढें उभ्या राहिलेल्या दोघींपैकीं जिनें मूल सोडून दिलें ती आई ठरली, हें आपण प्रवचनांतून इतक्यांदा ऐकलें आहे कीं त्याची धार गेली आहे.

आतां मान वर करण्याची बाजू. व्हेनिस्यूच्या त्या १०८ मुलांना सरकारच्या हवालीं करण्यास ज्यांनीं साफ नकार दिला त्यांत लिओंचे कार्डिनल जेर्लिये व जेझुइट धर्मगुरु पिएर शाये हे होते. १९५३ सालीं फिनाली मुलें परत करण्याचा करार रब्बी कापलान यांच्याशीं ज्यांनीं केला, तेही हेच शाये, कार्डिनलांच्या वतीनें. मुलांना शोधून आणण्यासाठीं स्पेनमध्यें गेलेल्या जर्मेन रिबियेर याही युद्धकाळीं यहुद्यांना लपविणाऱ्या कॅथलिक बाई. ज्यांचे हात लपवितांना कांपले नाहींत, त्यांचेच परत देतांनाही कांपले नाहींत. २६ जून १९५३ रोजीं मुलें फ्रान्समध्यें परत आलीं व पुढील महिन्यांत आत्याबरोबर इस्राएलला गेलीं. थोरला पुढें डॉक्टर झाला, बापाचाच धंदा. धाकटा गाद या नांवानें सैन्यांत व नंतर इंजिनियरीच्या कामांत राहिला.

वॉर्सा शहरांत इरेना सेंडलर नांवाच्या समाजसेविकेनें व तिच्या साथीदारांनीं यहुदी वस्तींतून मुलें बाहेर काढून मठांत, अनाथालयांत व घरोघर ठेविलीं. प्रत्येकाचें खरें नांव व नवें नांव पातळ कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून तिनें तें जपून ठेविलें. पुढें तीं चिटोरीं बाटल्यांत घालून एका सफरचंदाच्या झाडाखालीं पुरलीं गेलीं. ऑक्टोबर १९४३ मध्यें ती पकडली गेली, तिचे हाल झाले, पण नांवें फुटलीं नाहींत. मूल लपवितांना त्याचें नांवही कुठें तरी जपून ठेवावें, ही एवढी गोष्ट तिला सुचली आणि तेवढ्यासाठीं तिनें जीव धोक्यांत घातला. आईबापांपैकीं बहुतेक परतलेच नाहींत, ही गोष्ट वेगळी.

आणि आपल्या कोंकणांतील उदाहरण कां विसरावें? अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, ज्यांना गांवोगांव शनवार तेली म्हणत, ते शतकानुशतकें मराठी बोलत, तेल गाळीत, आणि शब्बाथ पाळीत आले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत छापलें, तें या मंडळींच्याही उपयोगी पडलें. मिशनच्या शाळांत त्यांचीं मुलें शिकलीं, त्यांतून कित्येक मास्तरही झाले, परंतु ख्रिस्ती फार थोडे झाले. मिशनऱ्यांच्या वार्षिक अहवालांच्या दृष्टीनें हें अपयशच असेल. मला तें मिशनरी शाळेच्या हातून घडलेल्या उत्तम कामांपैकीं एक वाटतें. आमच्या शाळेंत शिकून त्यांना आपल्याच पूर्वजांचें पुस्तक मूळ भाषेंत वाचतां आलें.

हें सर्व लिहितांना, दोष रोमन मंडळीच्या पदरांत टाकून आपण प्रॉटेस्टंटांनीं मोकळें व्हावें, असा मोह झाला होता. पण तो माझ्या घरांतच मोडतो. माझी पणजी १९०० सालच्या मोठ्या दुष्काळांत एका मिशनच्या अनाथालयांत आली. वय अंदाजें सहा. कोणी आणून सोडली, कीं रस्त्यांत सांपडली, ठाऊक नाहीं. तेथें तिला अन्न मिळालें, अक्षर मिळालें, एक सुंदर ख्रिस्ती नांव मिळालें. तेथेंच वाढून ती शिक्षिका झाली. तिची मुलगी माझी आजी, तीही शिक्षिका. तें अनाथालय नसतें तर मी नसतों, हा लेख नसता. त्या लोकांच्या उपकारांतून मी उतराई होऊं शकत नाहीं, व होऊं इच्छीतही नाहीं.

पण आजी सांगत असे कीं, म्हातारपणीं तापाच्या ग्लानींत पणजी एका भलत्याच नांवानें स्वतःला हांक मारी. "अगं ए," असें म्हणून तें नांव घेई, जणूं दारांतून कोणी तिलाच बोलावीत आहे. शुद्धीवर आल्यावर विचारलें तर म्हणे, मला असें कांहीं नांव ठाऊक नाहीं. आजीनें तें नांव त्या वेळीं लिहून ठेविलें नाहीं आणि पुढें ती तें विसरली.

चार वर्षांपूर्वीं मी त्या अनाथालयाचें जुनें रजिस्टर पाहून आलों. ज्यांनीं तें काढून दिलें त्यांनीं फार आपुलकीनें चहापाणी केलें. पान पिवळें पडलें आहे, अक्षर मोत्यासारखें आहे. अनुक्रमांक आहे, तारीख आहे, मिळालेलें नवें नांव आहे, देवी काढल्याची नोंदसुद्धां आहे. पूर्वींचें नांव, बापाचें नांव आणि गांव असे तीन रकाने त्या पानावर आंखलेले आहेत, आणि त्या तिन्ही रकान्यांतून शाईची एक सरळ रेघ ओढलेली आहे.

दहावीचा तो मुलगा आतां शाळा सोडून गेला आहे. वार्षिकाची एक प्रत त्याच्या पत्त्यावर पाठवावी, अशी संपादकांस माझी विनंति आहे.